खरा चॅम्पियन पार्किंगपाशी

“फोटो झकास आलाय. पण हा माणूस कधी जन्मलाच नाही, माहितीये ना?”

आमच्या ऑफिसच्या खालच्या डेस्कवर बसणारे सिक्युरिटीवाले आजोबा सोमवारी सकाळी मला हे बोलले. वय सत्तरीच्या पुढचं, जन्म उत्तर फिलाडेल्फियातला. मला ते ‘यंग लेडी’ म्हणतात, म्हणून बेचाळिसाव्या वर्षीही मी त्यांना रोज थांबून हाक मारते. मी त्यांना काकांचा फोटो दाखवत होते. काका महिनाभरासाठी कराडहून आलेत. उतरल्या दिवसापासून एकच धोशा: रॉकीचा पुतळा. शनिवारी गेलो. आर्ट म्युझियमच्या पायथ्याशी चाळीस मिनिटं रांगेत उभे राहिलो. मग काकांनी दोन्ही मुठी वर केल्या, मी फोटो काढला. म्युझियमच्या आत काय आहे हे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

“सिनेमातला बॉक्सर आहे तो,” आजोबा म्हणाले. “त्या पायऱ्यांवरून धावायचा तो जो. खाटीकखान्यात टांगलेल्या मांसावर ठोसे मारायचा तोही जो. तुझ्या पाहुण्यांना जोकडे का नाही नेलंस?”

जो म्हणजे इथला बॉक्सर जो फ्रेझर. मला नाव माहीत होतं, पण केवळ ‘अलीनं ज्याला हरवलं तो’ एवढंच. आणि मी तेच बोलून बसले. म्हटलं, आमच्या काकांच्या तालमीत मारुतीच्या शेजारी मोहम्मद अलीचा फोटो आहे. वाटलं, खूश होतील. आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “पहिली कुस्ती कोणी जिंकली ते आधी शोध.”

‘कुस्ती’ हा अर्थात माझा अनुवाद.

शोधलं. 8 मार्च 1971, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. दोघेही तोवर अपराजित, दोघांना पंचवीस-पंचवीस लाख डॉलर. पंधराव्या राउंडला फ्रेझरच्या डाव्या हुकनं अली पाठीवर आडवा झाला. उठला, पण निकाल तिन्ही पंचांनी फ्रेझरच्या बाजूनं दिला. पुढच्या दोन लढती अलीच्या: 1974ची न्यूयॉर्कलाच, आणि 1 ऑक्टोबर 1975ची मनिलाची. हिशेब दोन-एक. जगाच्या लक्षात राहिले ते दोन.

मनिलाचं वाचताना मात्र माझा चहा गार झाला. भर उकाड्यात चौदा राउंड. फ्रेझरचा उजवा डोळा सुजून बंद. आणि डाव्या डोळ्यानं त्याला मुळातच नीट दिसत नव्हतं, ही गोष्ट त्यानं कित्येक वर्षं लपवलेली! म्हणजे समोरून येणारा ठोसा त्याला दिसतच नव्हता. पंधराव्याला उठायची त्याची तयारी होती, पण त्याचे वस्ताद एडी फच यांनी त्याला खाली बसवलं आणि लढत थांबवली. समोरच्या कोपऱ्यात अलीचीही गत काही बरी नव्हती.

आता माझा राग कुठे आहे ते सांगते. 1967 मध्ये अलीनं व्हिएतनाम युद्धासाठीच्या लष्करभरतीला नकार दिला. त्याचं विजेतेपद काढून घेतलं, परवाना गेला, साडेतीन वर्षं रिंग बंद. तो बाणेदारपणा मला आजही मान्य आहे. सुप्रीम कोर्टानंही 1971 मध्ये त्याची शिक्षा रद्द केली. पण त्या पडत्या काळात त्याला पैसे कोणी दिले? फ्रेझरनं. त्याला परत लढू द्या म्हणून कोण बोलत होतं? फ्रेझर. आणि लढती ठरल्यावर अलीनं त्याला काय म्हणावं? गोऱ्यांचा हुजऱ्या. मनिलाच्या आधी तर ‘गोरिला’, तेही पत्रकारांसमोर रबरी खेळणं नाचवत. फ्रेझर दक्षिण कॅरोलिनातल्या बटाईदाराचा मुलगा, पोटासाठी उत्तरेत आलेला. कातडीचा रंग दोघांचा एकच. त्याच्या पोरांना शाळेत काय काय ऐकावं लागलं असेल!

तिकिटं खपवायला करावं लागतं, असं लोक म्हणतात. आपल्याकडेही पैलवान शड्डू ठोकतो, पण कुस्ती सुटल्यावर हौद्यातच गळाभेट होते.

अलीनं 2001 मध्ये वर्तमानपत्रातून माफी मागितली. फ्रेझरचं मन त्याआधीच पार आंबलेलं. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये थरथरत्या हातानं ज्योत पेटवणाऱ्या अलीला बघून जग रडलं, आणि हा म्हणाला, मी असतो तर त्याला त्यातच ढकललं असतं. हे वाईटच. आजोबांना तसं म्हटलं तर ते नुसते “हम्म” करून लिफ्टकडे बघत बसले.

अलीला शब्द सापडायचे, फ्रेझरकडे फक्त डावा हात होता. आणि माझ्या मते मागे काय उरतं ते शब्दांवर ठरतं. (मी कम्युनिकेशन्समध्ये काम करते, तेव्हा हे मत थोडं सवलतीत घ्या.) 

रविवारी काकांना घेऊन निघाले. आधी उत्तर ब्रॉड स्ट्रीट. इथे फ्रेझरची तालीम होती. म्हातारपणी तो वरच्या मजल्यावरच राहायचा. 2008 मध्ये तालीम बंद झाली आणि तिथे चक्क फर्निचरचं दुकान आलं. 2011 मध्ये फ्रेझर यकृताच्या कॅन्सरनं गेला. अंत्यविधीला अली आला होता. इमारतीला राष्ट्रीय वारसा यादीत जागा मिळाली ती 2013 मध्ये. काकांनी समोरच्या फुटपाथवर चप्पल काढून नमस्कार केला. तालीम ती तालीम, आत सोफे असले म्हणून काय झालं!

मग सरळ दक्षिण टोकाला, स्टेडियमांच्या अफाट पार्किंगपाशी. फ्रेझरचा पुतळा इथे उभा राहिला 2015 मध्ये, तो गेल्यावर चार वर्षांनी. सिनेमातल्या रॉकीचा पुतळा 1980च्या दशकापासून शहरात आहे. त्या पहिल्या सिनेमात फ्रेझर स्वतः मिनिटभर दिसतो, पाहुणा म्हणून. 2025 मध्ये शहरानं फ्रेझरचा पुतळा म्युझियमपाशी आणायचा प्रस्ताव मांडला. उशिरा का होईना.

रांग नव्हती. एक बाई कुत्रा फिरवत होती, बस. पुतळा बारा फुटी, अलीला पाडणारा डावा हुक नुकताच मारून झालाय असा. काका त्याच्याभोवती दोनदा फिरले, वाकून मांड्या पाहिल्या.

“पोरी, ह्यो खालनं आत घुसणारा गडी. पट काढायला वाकावं तसा वाकतोय बघ. उंच माणसाला असाच गाठायचा.”

डाव्या हाताचं मी सांगितलं: लहानपणी डुकरानं पाठलाग केला, पडून हात मोडला, डॉक्टरला पैसे नव्हते, तो वाकडाच जुळला. काका म्हणाले, “मग हुक आयताच तयार झाला की!”

परतताना मी जरा जास्तच बोलले. हे लोक कसे, खऱ्या ऑलिंपिक विजेत्याला (1964, टोकियो, अंगठा मोडलेला असताना सुवर्ण) सोडून खोट्याला डोक्यावर घेतात वगैरे. काका खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “आन् खाशाबांचं काय केलं आपन?”

कराडच्या माणसापुढे हा विषय मीच आणला होता. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. 1952, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. ‘पद्म’ अजून नाही. मी लगेच म्हटलं, दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला 2010 मध्ये त्यांचं नाव दिलंय, आणि आपण निदान एखाद्या हीरोचा पुतळा त्यांच्या जागी नाही बसवला. काका म्हणाले, “व्हय, तेवढं खरं.” पण त्यांचा आवाज ‘तेवढं’वर रेंगाळला. मी रेडिओ लावला.

घरी आल्यावर काकांनी दोन्ही फोटो तालमीच्या ग्रुपवर टाकले. रॉकीला एकतीस अंगठे आले. फ्रेझरच्या फोटोखाली एकच मेसेज: “मागं कुनाचा पुतळा हाय? अलीचा का?”

काका चष्मा लावून एका बोटानं उत्तर टाइप करतायत. अर्धा तास झाला.