काकांच्या एक्सपीमधली मेल

कोथरूडमधली आमची सोसायटी चार मजल्यांची, सोळा फ्लॅटची. गेल्या वार्षिक सभेत मी चहाचे कप ठेवायला आत गेले आणि परत येऊन बसले, तेवढ्यात मला सेक्रेटरी करून मोकळे झाले होते सगळे. पुनर्विकासाचं वारं नुकतंच सुटलं होतं. वकिलांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "मानीव अभिहस्तांतरणाच्या वेळी बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार कुठंय?" सगळ्यांच्या माना माजी सेक्रेटरी काकांकडे वळल्या. काका ७९ वर्षांचे. मानीव अभिहस्तांतरण म्हणजे बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नाही, तर सरकारी मार्गानं ती करून घेणं. काका शांतपणे म्हणाले, "माझ्या पीसीवर आहे. एकही मेल डिलीट केलेली नाही."

हे शब्दशः खरं निघालं. एकही नाही.

काकांच्या पीसीवर अजून विंडोज एक्सपी आहे आणि त्यात आउटलुक एक्सप्रेस हा जुना मेल प्रोग्राम. २००७ ते २०१६ अशी नऊ वर्षांची मेल त्यात. तेव्हा सोसायटीचा पत्ता इंटरनेट कनेक्शनबरोबर मिळालेला होता आणि मेल पॉप पद्धतीनं उतरायची. पॉपचा खाक्या असा, की मेल एकदा घरी आणून टाकली की सर्व्हरवरची प्रत पुसली जाते, मुद्दाम 'तिथंही ठेव' असं सांगितलं नसेल तर. काकांनी सांगितलेलं नव्हतं. २०१६ पासून सोसायटीनं जीमेल घेतलं, ते आयमॅपनं, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीनं, कुठूनही दिसतं. पण आधीची नऊ वर्षं जगात एकाच हार्ड डिस्कवर होती, आणि ती डिस्क चालू करताना खडखडायची.

फाइल शोधायलाच अर्धा तास गेला, कारण आउटलुक एक्सप्रेस आपल्या मेल साठवायच्या डीबीएक्स फायली लपवलेल्या फोल्डरच्या पोटात खूप खोलवर ठेवतं. इनबॉक्सची फाइल १.७ जीबी. या प्रोग्रामला एका फोल्डरच्या फाइलला २ जीबीची मर्यादा आहे आणि तिथं पोचलेल्या फाइलमधून मेल्स गायब झाल्याच्या कहाण्या ऐकल्या होत्या, त्यामुळे आकडा बघून पोटात गोळाच आला. सेंट १.१ जीबी, बाकीचे फोल्डर मिळून १.६. मी सगळंच्या सगळं फोल्डर आधी पेनड्राइव्हवर उचललं आणि मगच श्वास सोडला.

प्रोग्राम बंद करताना एक खिडकी आली : जागा वाचवण्यासाठी मेल्स दाबून बसवू का? काकांनी माझ्या हातातला माउस जवळजवळ हिसकावून घेतला आणि कॅन्सल दाबलं. "हे अधूनमधून विचारतं. जे कळत नाही त्याला नाही म्हणायचं." दर शंभरदा प्रोग्राम बंद केल्यावर हा प्रश्न येतो, आणि ते काम मध्येच तुटलं, वीज गेली, तर फाइल खराब होते. लोकांच्या वर्षानुवर्षांच्या मेल्स अशाच गेल्यात. काकांच्या अज्ञानानं सोसायटी वाचवली असं मी नंतर कमिटीत म्हणाले, ते त्यांना फारसं आवडलं नाही.

आता डीबीएक्स बाहेर कशी काढायची? एक्सपीवरून जीमेलला जोडून तिथंच ढकलावी, तर आउटलुक एक्सप्रेसला गूगलची हल्लीची लॉगिन पद्धत येतच नाही. आणि जीमेलच्या १५ जीबीतले ११ जीबी आधीच गळतीच्या फोटोंनी भरलेत, वर ४.४ घातले की डब्याचं झाकण लागणार नाही. शेवटी सगळ्यात गावठी उपाय चालला. फोल्डर उघडायचं, सगळ्या मेल्स सिलेक्ट करायच्या आणि डेस्कटॉपवरच्या रिकाम्या फोल्डरमध्ये ओढून सोडायच्या. प्रत्येक मेलची एक ईएमएल फाइल होते, अटॅचमेंटसकट. एकदम सगळ्या ओढल्या तर पीसी गोठायचा, म्हणून वर्ष वर्ष करून ओढल्या. काकूंनी तीनदा चहा केला.

खरी गंमत पुढे. कमिटीत आम्ही तिघं : चेअरमनसाहेबांकडे विंडोज ११, खजिनदार ताईंकडे मॅकबुक, आणि माझा जुना ४ जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली. वकिलांना उत्तरं द्यायची तर तिघांनाही जुनी मेल चाळता आली पाहिजे. पैसे खर्च करायचे नाहीत हे सांगायची गरजच नव्हती. त्यामुळे महिनाभर मी फुकट मिळणारे मेलचे प्रोग्राम वापरून पाहत होते, आणि कुठल्याही प्रोग्रामला माझा पहिला प्रश्न एकच असायचा : तू मेल ठेवतोस कुठे, आणि उद्या मला ती उचलून नेता येईल का?

चेअरमनसाहेबांचं विंडोजमधलं साधं मेल ॲप मायक्रोसॉफ्टनं ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलं आणि त्याजागी नवं आउटलुक आणलं. फुकट वापरलं तर इनबॉक्सच्या वरच्या ओळींत मेलसारखीच दिसणारी जाहिरात येते. साहेबांनी एकदा तिच्यावर क्लिक करून उत्तर द्यायचा प्रयत्न केला. ते चाललं असतं, पण जीमेल जोडताना त्यानं सांगितलं की तुमची मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आणून ठेवू. साहेब बँकेतून निवृत्त झालेले. "म्हणजे आपल्या खात्याची किल्ली शेजाऱ्याकडे?" संपला विषय. ईएम क्लायंट त्यांना दिसायला आवडलं होतं, पण फुकटात दोनच खाती आणि तीही घरगुती वापरासाठी. शिवाय ते लिनक्सवर चालत नाही, म्हणजे मी बाहेर.

ताईंचं म्हणणं, ॲपल मेल यंत्राबरोबरच येतं, मग दुसरं कशाला. आणि खरं सांगायचं तर मॅकवर ते गुळगुळीत चालतं, शोधही झटकन लागतो. एमबॉक्स, म्हणजे अख्ख्या फोल्डरची एकच फाइल, दिली की आयात करून घेतं, पुन्हा त्याच साच्यात बाहेरही काढून देतं. पण ते ॲपलची यंत्रं सोडून कुठेच नाही. पुढच्या निवडणुकीत खजिनदार बदलले, नव्यांकडे मॅक नसलं, की पुन्हा हीच वरात.

माझ्या लिनक्सवर तर पर्यायांचा बाजार. इव्होल्यूशन जुन्या आउटलुकची आठवण करून देणारं, कॅलेंडरसकट, ऑफिसचा एक्सचेंज सर्व्हर असलेल्यांनी जरूर पाहावं. गिअरी नीटनेटकं, पण फक्त आयमॅप. जुना गठ्ठा ठेवायला त्यात कोनाडाच नाही. के-मेलच्या मागे अकोनाडी नावाचं एक वेगळं यंत्र चालू असतं, ते अडलं की मेल दिसत नाही. एका रविवार संध्याकाळी मी त्याला हात जोडले.

मन बसलं ते क्लॉज मेलवर. दिसायला विसाव्या शतकातलं, पण माझ्या मरतुकड्या लॅपटॉपवर हजारो मेल्सचं फोल्डर डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतं. प्रत्येक मेल वेगळी फाइल म्हणून ठेवतं, नुसत्या आकड्यांच्या नावानं, त्यामुळे हिशेब डोळ्यांना दिसतो. मात्र त्यातून साध्या अक्षरांतच मेल लिहिता येते, ठळक-तिरपं काही नाही, आणि बँकांच्या रंगीत मेल्स बघायलाही वेगळं प्लगइन लागतं. विंडोजवर चालतं, तरी साहेबांना दाखवल्यावर ते म्हणाले, "हे बिघडलंय का?"

राहिलं थंडरबर्ड. तिन्हीकडे तेच, तशाच मेन्यूंचं, मिंटमध्ये तर आधीपासूनच बसवलेलं. साहेबांची शंका रास्त होती : फुकट म्हणजे उद्या बंद पडणार? मी सांगितलं, पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ ची. २०१२ मध्ये ते बनवणाऱ्या मोझिलानं हात आखडता घेतला तेव्हा सगळ्यांनी त्याला तेराव्याचं जेवण घातलं होतं. पण स्वयंसेवकांनी ते जिवंत ठेवलं, २०२० पासून त्यासाठी मोझिला फाउंडेशनची वेगळी उपकंपनी आहे आणि ते लोकांच्या देणग्यांवर चालतं. आणि समजा पडलंच बंद, तर प्रत्येक फोल्डर म्हणजे एक एमबॉक्स फाइल. युनिक्सच्या जमान्यापासूनचा साधा मजकूर, नोटपॅडमध्येही उघडतो. हे मी त्यांना उघडून दाखवलं. मग ते शांत झाले.

ईएमएल फायली आत घ्यायला त्याचं इम्पोर्ट-एक्सपोर्ट टूल्स एनजी हे ॲड-ऑन वापरलं. मी हौसेनं सगळ्या मेल्स 'जुनं सगळं' अशा एकाच फोल्डरमध्ये घातल्या आणि ती फाइल पेनड्राइव्हवर टाकायला गेले, तर नाही म्हणे. ड्राइव्हवर जागा २७ जीबी रिकामी! तासभर केबल, पोर्ट, ड्राइव्ह सगळ्यांना शिव्या घातल्यावर उजेड पडला, की ड्राइव्ह एफएटी ३२ पद्धतीचा आहे, त्यावर ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. ईएमएल सुट्या होत्या तेव्हा त्याच ड्राइव्हवर मजेत बसल्या होत्या. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, तो तिन्ही यंत्रांना वाचता येतो. फोल्डरही वर्षवार तोडले, कारण एका फाइलमध्ये सगळं ठेवणं म्हणजे सगळी अंडी काकांच्याच टोपलीत. मग साहेबांच्या आणि ताईंच्या थंडरबर्डमध्ये 'लोकल फोल्डर्स'च्या जागी त्या फायली नुसत्या टाकल्या, प्रोग्राम बंद करून चालू केला, वर्षं एकाखाली एक उभी. यादीची एमएसएफ फाइल न्यायची गरज नाही, थंडरबर्ड ती नवी बनवतं.

मग मराठी. युनिकोडमधल्या मेल्स सगळीकडे नीट आल्या. काहींवर एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं कशी वाचायची याची, चिठ्ठीच नव्हती, त्या चिनी-रशियन दिसत होत्या. 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबल्यावर सरळ झाल्या. पण २००८-०९ च्या नोटिसा काही केल्या वाचता येईनात. नुसती विचित्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, तिन्ही यंत्रांवर सारखीच. काकांच्या पीसीवर मात्र स्वच्छ मराठी. काका तेव्हा श्रीलिपीत टाइप करून मेलमध्ये चिकटवायचे. श्रीलिपी आपल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची, त्या काळी पत्रिकेपासून परिपत्रकापर्यंत सगळं त्यात. पण त्यात अक्षर म्हणजे फक्त त्या फॉन्टचा मुखवटा, फॉन्ट नाही तर आत मराठी काहीच नाही. यात कुठल्याच मेल प्रोग्रामचा दोष नव्हता. तेवढ्या नोटिसा काकांच्याच प्रिंटरवर छापून फाइलला लावल्या.

जीमेल जोडणं सोपं असायला हवं होतं. थंडरबर्ड गूगलचीच लॉगिन खिडकी उघडतं, पासवर्ड टाकायचा, झालं. पण खात्याचा ओटीपी अजून काकांच्या फोनवर जातो आणि दुपारी दोन ते चार काकांचा फोन बंद. खजिनदार ताई नेमक्या त्याच वेळात मोकळ्या. तीन दिवस गेले. जोडल्यावर प्रत्येक मेल दोनदा दिसायला लागली, कारण जीमेल इनबॉक्सबरोबर 'ऑल मेल'ही आयमॅपवर पाठवतं. थंडरबर्डमध्ये ते फोल्डर अनसबस्क्राइब केलं, म्हणजे दिसायचं बंद केलं.

एवढं झाल्यावर वकिलांना हवी होती ती मेल शोधली. २०११, पार्किंगच्या मंजूर नकाशाबद्दल बिल्डरच्या ऑफिसची. दोन मिनिटांत सापडली. मजकूर एवढाच : 'सोबत नकाशा जोडला आहे.' जोडलेली फाइल होती विनमेल डॅट. थंडरबर्ड ती उघडेना. ताईंचं ॲपल मेलही नाही. काही आउटलुकमधून पाठवलेल्या मेलचं सामान असं एका बंद पेटीत येतं, आणि किल्ली आउटलुककडेच असते.

रात्री मी माझ्या लॅपटॉपवर बसले. क्लॉज मेलला टीनेफ नावाचं प्लगइन मिळतं, ते नेमकी हीच पेटी उघडतं. ती एक मेल क्लॉजमध्ये घेतली आणि आत अख्खा नकाशा, पीडीएफ, शिक्क्यासकट.

सकाळी प्रिंट घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून शांतपणे पाहिलं. "हा मला कधी दिसलाच नाही गं."

"अहो काका, तेव्हा विचारलं नाहीत का त्यांना?"

"विचारलं असणार. तू बघ ना, तुझ्याकडे आहे आता सगळं."

घरी येऊन २०११ चं सेंट उघडलं. त्याच दिवशी, संध्याकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी, काकांची मेल : 'अटॅचमेंट उघडत नाही. कृपया पुन्हा पाठवावी.' आठ दिवसांनी स्मरणपत्र. महिन्यानं आणखी एक. उत्तर एकालाही नाही.