एकाच गाडीतून

मंगळवार, 19 नोव्हेंबर 2024, रात्र

दुपारी डबा उघडते न उघडते तोच पलीकडच्या टेबलावरून हाक आली, "अगं, तुझं विरार टीव्हीवर!" विरार टीव्हीवर दिसतं ते पाणी तुंबल्यावर, नाहीतर लोकलला लोंबकळणाऱ्या माणसांमुळे. आज निराळंच होतं. आमच्याच बाजूच्या, विरार पूर्वेच्या एका हॉटेलात भाजपचे विनोद तावडे आणि त्यांच्याभोवती बहुजन विकास आघाडीच्या कार्यकर्त्यांचा गराडा. आघाडीचे प्रमुख हितेंद्र ठाकूर आणि त्यांचा आमदार मुलगा क्षितिज म्हणत होते, पाच कोटी वाटायला आणलेत. तावडे म्हणत होते, वाडा तालुक्यातून परतत होतो, मतदानाच्या दिवसाचे नियम कार्यकर्त्यांना सांगायला थांबलो. विधानसभेचा प्रचार कालच संपला. बाहेरच्या नेत्याने मतदारसंघात थांबायचं नाही, हा नियमही त्याच नियमांतला ना? भाजीत मीठ नव्हतं, तेही मला शेवटच्या घासाला कळलं.

संध्याकाळच्या विरार फास्टला बायकांच्या डब्यात दुसरा विषय नव्हता. निवडणूक आयोगाच्या लोकांना त्या हॉटेलात 9 लाख 93 हजार मिळाले म्हणे. "पाच कोटींतले एवढेच?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, "आमच्या बिल्डिंगीत तर कुणी फिरकलंसुद्धा नाही." ती हे रागाने म्हणाली की निराशेने, मला सांगता येणार नाही. सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि बोरिवली येईपर्यंत त्या हसण्याची थोडी लाज वाटत राहिली.

खरी मजा घरी आल्यावर. चार तासांच्या आरडाओरड्यानंतर तावडे आणि ठाकूर पितापुत्र एकाच गाडीतून बाहेर पडताना दाखवले. सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "हे बघ! मग भांडत कशाला होते?" मी म्हटलं, गर्दीतून सुखरूप बाहेर काढलं असेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच पाकीट घेऊन आलेय.

आता अकरा वाजलेत आणि सोसायटीच्या ग्रुपवर तावडे हॉटेलात असल्याची टीप कुणी दिली यावर चर्चा रंगलीय. हितेंद्र ठाकूर स्वतःच म्हणाले की भाजपमधल्या मित्रांनीच कळवलं. झालं! मग तो मित्र कोण, तावडेंचे पंख कुणाला छाटायचे होते, दिल्लीत काय शिजतंय. तळमजल्यावरच्या काकांनी तर आकृती काढून टाकलीय, बाणांसकट. पैसे होते की नव्हते, असले तर कुणाचे, हे विचारणारा एकही मेसेज नाही. मी लिहायला घेतला होता. खोडला. उगाच कुणाच्या बाजूची ठरायचे.

त्यात रात्री बिटकॉइनचं आलं. बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचे एका माजी पोलीस अधिकाऱ्याचे आरोप, आणि शरद पवार गटाच्या सुप्रिया सुळे आणि काँग्रेसचे नाना पटोले यांच्या म्हणून ऐकवलेल्या क्लिप. सुळे म्हणतात आवाज माझा नाहीच. हॉटेलच्या बातमीला उतारा म्हणून हे आजच बाहेर काढलं, असं माझ्या मनात लगेच आलं. पण मग हॉटेलची धाड तरी मतदानाच्या आदल्याच दिवशी कशी? एकीच्या वेळेबद्दल शंका येते आणि दुसरीच्या वेळेबद्दल येत नाही, यात माझंही काहीतरी दिसतंय.

बुधवार, 20 नोव्हेंबर

सुट्टी. सासूबाईंनी मतदानाची चिठ्ठी चार दिवस देव्हाऱ्यात ठेवली होती, तिला हळद लागली. रांगेत पाऊण तास. पुढचा मुलगा मोबाइलवर अजित पवारांना ऐकत होता, ते म्हणत होते आवाज सुप्रियाचाच आहे. सख्खी चुलतबहीण! रांगेत हळहळ झाली, ती क्लिपबद्दल नव्हती, दिवाळीत हे लोक एकमेकांकडे कसे जाणार याबद्दल होती.

कुणाला मत दिलं ते इथेही लिहीत नाही.

शनिवार, 23 नोव्हेंबर

नालासोपाऱ्यात क्षितिज ठाकूर पडले, वसईत हितेंद्र ठाकूरही. गेल्या वेळी तीन आमदार होते त्यांचे, आता एकही नाही. म्हणजे हॉटेलमधल्या त्या चार तासांचा फायदा कुणाला झाला म्हणायचा? काकांच्या आकृतीतले सगळे बाण आता उलटे फिरवावे लागतील.

शनिवार असूनही मला अर्धा दिवस ऑफिस होतं. डब्यात मुख्यमंत्री कोण होणार याच्या पैजा. मी मध्येच विचारलं, "ते 9 लाख 93 हजार कुणाचे होते गं शेवटी?"

"कुठले?" खिडकीजवळची म्हणाली, आणि पर्स सावरत उठली. तिला अंधेरीला उतरायचं होतं.