तुम्ही विचारलेत म्हणून: सेबास्तियनच्या कपेलातील क्रूस

ज्यांच्या भयाने आमच्या मंगेशाला १५६० मध्ये कुशस्थळी सोडून प्रियोळला जावे लागले, त्या पोर्तुगिजांच्याच इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्म-न्यायालयाचा, क्रूस मी पाहुण्यांना कौतुकाने कसा दाखवतो, असे पुण्याचे नातेवाईक नेहमी विचारतात. हल्ली गोव्यातली मंडळीही विचारू लागली आहेत.

मी कौतुकाने दाखवत नाही. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतले ते छोटे पांढरे कपेल, म्हणजे लहानसे चर्च, संत सेबास्तियनचे आहे, आणि बाणांनी विद्ध झालेला हा संत प्लेगपासून रक्षण करतो, ही युरोपातली फार जुनी श्रद्धा आहे. साथींनी जुने गोवे ओस पडू लागले, १७५९ मध्ये व्हाइसरॉयही पणजीला राहायला आला. अशा शहराला सेबास्तियन का हवासा वाटावा, हे मरीआईचा गाडा वेशीबाहेर ओढणाऱ्यांच्या वंशजांना सांगावे लागू नये. क्रूस तिथे १९१८ मध्ये आला. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो पणजीतल्या आदिलशहाच्या राजवाड्यात होता. त्यावरच्या येशूची मान ताठ आणि डोळे उघडे आहेत. आरोपींना धाक बसावा म्हणून, असे सांगतात.

पूर्वी मी एवढ्यावर थांबत असे. एकदा एका पाहुण्यांनी त्या डोळ्यांकडे बोट दाखवून मोठ्याने म्हटले, "ह्यांनीच आपल्या लोकांना छळले." वेदीवरची कोमेजलेली फुले काढणाऱ्या आमच्या शेजारच्या आंटींना मराठी उत्तम समजते. फुले हातात तशीच धरून त्या वळल्या आणि म्हणाल्या, की इन्क्विझिशनपुढे ओढून नेत ते बहुतेक बाप्तिस्मा झालेलेच, जुना रिवाज चोरून पाळला म्हणून. (तुळस लावायलासुद्धा १७३६ च्या फर्मानाने बंदी होती.) मग कोंकणीत एवढेच, "तुमचो देव तरी न्हंय उतरून गेलो. आमी हांगाच उरलीं." (तुमचा देव तरी नदी पार करून गेला. आम्ही इथेच राहिलो.)

पाहुणे गप्प झाले, पण पटले मुळीच नाही, आणि त्यांचा राग खोटा होता असे मीही म्हणणार नाही. माझ्या आजीने आयुष्यात कधी इगर्जीची, म्हणजे चर्चची, पायरी चढली नाही. हा क्रूस संग्रहालयात हलवावा, असे मी पूर्वी तावातावाने मांडत असे. आता मांडत नाही, कारण संग्रहालयात आंटींना फुले बदलू देणार कोण? मात्र रोजच्या फुलांनी त्या नजरेतला धाक उतरतो, असे कोणी मला सांगू लागले तर तेही मी ऐकून घेणार नाही. माझ्यापुरता तरी तो उतरलेला नाही.