तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी मोठी कंपनी, तरी गेम कच्चा का?

रामबागेतल्या गणपतीच्या मंडपात आमच्या मंडळाची अकरावी-बारावीची मुलं दरवर्षी गाठतात: "काका, एवढी मोठी कंपनी, तरी व्हिडिओ गेम असा कच्चा कसा काय येतो?" आयांचा प्रश्न त्यालाच जोडून असतो, मुलाला मोठ्या स्टुडिओत, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीत, पाठवावं की छोट्या. मी आधी बाहेरच्या मोठ्या टीमच्या कामाचा एक तुकडा सांभाळायचो, आता इथेच इंदुरात चौघांच्या स्टुडिओत प्रोग्रॅमिंग करतो.

मोठ्या स्टुडिओतली माणसं कमी हुशार असतात म्हणून असं होत नाही. हिशेब पगाराचा आहे. तीनशे माणसं आणि सरासरी लाखभर पगार धरा. गेम महिनाभर लांबला की ३ कोटी गेले. आमचं तेच ४ लाखांत भागतं. "अजून महिनाभर लागेल" हे आम्ही डबा खाताना ठरवतो. तिथे हेच वाक्य किती दारं ओलांडून जातं, ते मी पाहिलंय.

त्यात पब्लिशर, म्हणजे गेमला पैसे पुरवून तो बाजारात आणणारी कंपनी, आला की पैसे हप्त्यांनी येतात. ठरल्या तारखेला बिल्ड, म्हणजे गेमचं तोवर तयार झालेलं रूप, पाठवायचं, त्यांना पटलं की पुढचा हप्ता. या टप्प्यांना माइलस्टोन म्हणतात. रक्कम बहुधा ॲडव्हान्स असते. विक्रीतून आधी ती वसूल होते, मग स्टुडिओचा वाटा सुरू होतो. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. पण पगार हप्त्यावर अवलंबून असले की जे डोळ्यांत भरतं तेच आधी बनतं: गेममधल्या बड्या शत्रूशी (बॉसशी) लढाई, पावसातलं शहर. सेव्ह नीट होतंय का, जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर) मेमरी पुरतेय का, हे डेमोत दिसत नाही, म्हणून मागे पडतं. शेवटच्या महिन्यांत ते सगळं एकदम अंगावर येतं आणि मग रात्री, रविवार, सणवार सगळे कामात जातात. याला क्रंच म्हणतात आणि मला त्याची मनापासून चीड आहे. थकलेला माणूस एक बग काढताना दुसरा घालून ठेवतो.

दोष एकट्या पब्लिशरचाही नाही. 'सायबरपंक २०७७' हा गेम तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने स्वतःच प्रकाशित केला होता. २०२० मध्ये तारीख तीनदा पुढे ढकलली, पण कंपनी शेअर बाजारातली आणि नाताळ तोंडावर. १० डिसेंबरला गेम आला, जुन्या कन्सोलवर धड चालेना, आणि १८ तारखेला सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला. टीम छोटी असली की सुटका होते असंही नाही: १९८२ मध्ये अटारी कंपनीचा 'ई. टी.' हा गेम हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रॅमरने नाताळ गाठण्यासाठी जेमतेम पाच आठवड्यांत लिहिला, आणि तो किती वाईट पडला हे आजही सांगितलं जातं.

उलट टीम चेरी घ्या. ऑस्ट्रेलियातली इनमिन तीन माणसं. 'हॉलो नाइट' २०१७ मध्ये आला, खूप खपला, आणि त्याच पैशावर त्यांनी 'सिल्कसाँग' २०१९ मध्ये जाहीर करून थेट सप्टेंबर २०२५ मध्ये दिला. त्यांना घाई करायला लावणारं कोणी नव्हतं.

पण पहिला गेम खपेपर्यंत घर कोण चालवणार? एरिक बॅरोन यांनी 'स्टारड्यू व्हॅली' एकट्याने चारेक वर्षं बनवला, तेव्हा जोडीदाराच्या कमाईचा आधार होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओने 'राजी' या गेमसाठी किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून ऑनलाइन पैसे गोळा करायच्या साइटवर, केलेला प्रयत्न २०१७ मध्ये फसला. पुढे एपिक या गेम कंपनीचं अनुदान आणि पब्लिशर मिळाला, तेव्हा २०२० मध्ये गेम बाहेर आला. म्हणून पब्लिशरला सरसकट शिव्या घालणं मला पटत नाही.

राहिला आयांचा प्रश्न. मुलाला सुरुवातीला मोठ्या ठिकाणी जरूर जाऊ द्या. कोडची शिस्त आणि टेस्टिंगची पद्धत तिथेच लवकर अंगवळणी पडते. फक्त मुलाखतीत त्याला एक गोष्ट विचारायला सांगा: मागचा गेम तारखेला तयार नव्हता, तेव्हा तुम्ही काय केलंत? तारीख हलवली, काही फीचर्स कापली, की माणसांना रात्री बसवलं? पहिली दोन उत्तरं आली तर खुशाल जाऊ द्या. तिसरं आलं तर दुसरीकडे अर्ज करायला सांगा, पगार कितीही असो.