शरणपूर ते बाळ येशू, पायी

प्रवासवर्णन म्हणावे तर अंतर जेमतेम आठ-नऊ किलोमीटरचे आहे, आणि ते मी आजवर दुचाकीने, रिक्षाने आणि शहर बसने इतक्या वेळा कापले आहे की त्यात सांगण्यासारखे काही उरले असेल असे मला वाटले नव्हते. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सासूबाईंबरोबर तेच अंतर चालत जावे लागले आणि वाटेत एका अनोळखी माणसाची दहा रुपयांची नोट माझ्या खिशात आली, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी घरातला भेद सांगितला पाहिजे. मी नाशिकच्या शरणपुरात, प्रोटेस्टंट घरात वाढलो. आमच्याकडे यात्रा हा इतरांचा विषय होता. कोणी वेलंकनीला किंवा वांद्र्याच्या माउंट मेरीला निघाले की वडील योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढायचे. विहिरीवरची शोमरोनी बाई येशूला विचारते की भक्ती आमच्या डोंगरावर करायची की यरुशलेमेत, आणि तो सांगतो की अशी वेळ येत आहे जेव्हा ना या डोंगरावर, ना यरुशलेमेत. विषय संपला. दर बारा वर्षांनी सिंहस्थाला अख्खा देश आपल्या गावात उतरतो, अशा नाशिकमध्ये राहून हे म्हणायला धाडस लागते. पण वडिलांकडे ते होते. पत्नीचे माहेर मात्र श्रीरामपूर तालुक्यातले, कॅथलिक. तिकडे सप्टेंबरातली हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा म्हणजे घरचे लग्न. आम्ही उपासना म्हणतो तिथे ते मिस्सा म्हणतात, आम्ही पाळक तर ते फादर, आणि लग्नाला बावीस वर्षे झाली तरी यात्रेला अर्थ असतो की नाही हा वाद आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडाच पडून आहे.

नातू दवाखान्यातून नीट घरी आला तर नाशिकरोडच्या बाळ येशूच्या तीर्थमंदिराला पायी येईन, असे सासूबाई बोलून बसल्या होत्या. श्रीरामपूरहून चालत येण्याचा त्यांचा बेत होता, वय अडुसष्ट. पुष्कळ फोनाफोनीनंतर आमच्या घरापासून चालण्यावर तडजोड झाली आणि पत्नीचा गुडघा दुखत असल्यामुळे त्यांच्या सोबतीला मला नेमण्यात आले. मी श्रद्धेने निघालो नव्हतो, हे इथेच कबूल करतो.

सकाळी सहाला निघालो. शरणपूर हे नाव मी लहानपणापासून पत्त्यात लिहीत आलो आहे, पण चालताना सासूबाईंनी विचारले, ‘जावईबापू, शरणपूर का म्हणत्यात?’ तेव्हा कितीतरी वर्षांनी त्याचा अर्थ उच्चारला. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ च्या सुमारास ही वस्ती आश्रयासाठी वसवली. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडली जात तेव्हा सुटका झालेली आफ्रिकी मुलेही इथे आणली गेली. ती मराठी वातावरणात वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टन या आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी-संशोधकाच्या शोधार्थ पाठवलेल्या तुकडीबरोबर आफ्रिकेत गेला, आणि १८७३ साली लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचे शव आतल्या रानातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत महिनोन्‌महिने चालत आणणाऱ्यांत तो होता. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हाही तो हजर होता. आमच्या गल्लीत शिकलेल्या पोराने केलेली ही पायपीट मी सासूबाईंना सांगितली. त्या थोडा वेळ गप्प चालल्या आणि म्हणाल्या, ‘त्याच्या आईला कळलं का पण, पोरगं कुठंय ते?’ याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

कॅनडा कॉर्नर, सीबीएस, शालिमार, सारडा सर्कल हा टप्पा सुखाचा झाला. द्वारका चौकात मात्र माझा सगळा भक्तिभाव, असलाच तर, संपला. या चौकात पायी माणसाने कुठून जावे याचा विचार कोणीही केलेला नाही. महामार्गाचा पूल डोक्यावर, ट्रक दोन्ही बाजूंनी, आणि वाट विचारावी तर प्रत्येक जण ‘रिक्षा करा ना’ एवढेच सांगतो. एक रिक्षावाला आमच्या शेजारून सावकाश रिक्षा चालवत भाव उतरवत राहिला. तीनशेवरून दीडशेवर आला, तरी सासूबाई पुढे बघत चालत होत्या. शेवटी तो वैतागून म्हणाला, ‘आजी, देव काय मीटर बघतो का?’ आणि निघून गेला. खरे सांगायचे तर मी त्याच्या बाजूचा होतो.

त्याचा प्रश्न ख्रिस्ती लोकांनी स्वतःलाच फार जुन्या काळापासून विचारलेला आहे. चौथ्या शतकात एगेरिया नावाची बाई पश्चिम युरोपाच्या टोकाकडून सिनाय आणि यरुशलेमेपर्यंत गेली आणि वाटेत पाहिलेल्या उपासनांचे बारकावे मैत्रिणींना पत्रातून कळवत राहिली. त्याच शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी लिहीत होता की जागा बदलल्याने देव जवळ येत नाही. १५२० साली मार्टिन ल्यूथरने, म्हणजे ज्याच्यापासून आम्ही प्रोटेस्टंट सुरू झालो त्याने, तर रोमच्या यात्रा बंदच कराव्यात असे लिहिले. त्याची तक्रार अशी की माणूस यात्रेवर पैसा उधळतो आणि घरी बायकापोरे हाल काढतात. हा शेवटचा मुद्दा वडिलांच्या विशेष आवडीचा होता. पण ज्या शास्त्राचा आधार ते घेत त्यातच स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रे आहेत. ती यरुशलेमेला वर चढत जाणाऱ्या यात्रेकरूंची गाणी समजली जातात. गंगेच्या किंवा गोदेच्या पाण्याला आहे तसे पापक्षालनाचे सामर्थ्य ख्रिस्ती माणूस कोणत्याही जागेला देत नाही, कॅथलिकसुद्धा नाही. जागेवर जाऊन तो पापनिवेदन करतो, क्षमा मागतो, आणि क्षमा जागा करत नाही, देव करतो. मग चालायचे कशाला, हा प्रश्न उरतोच. यात्रेकरूसाठी लॅटिनमध्ये जो शब्द आहे, ‘पेरेग्रिनुस’, त्याचा मूळ अर्थ परका, आपल्या शिवाराबाहेरून आलेला माणूस. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातही विश्वासणाऱ्यांना पृथ्वीवरचे ‘परके व प्रवासी’ म्हटले आहे. हा अर्थ मला पुस्तकातून ठाऊक होता. परका होण्यासाठी स्वतःच्याच शहरात चालायला लागणे पुरेसे असते, हे द्वारकेपासून पुढे कळत गेले.

नासर्डीचा पूल ओलांडून थोडे पुढे गेल्यावर सासूबाईंच्या चपलेचा अंगठा निघाला. ऊन तापू लागले होते. रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती. पत्र्याचा आडोसा, एक स्टोव्ह, दोन बाक. टपरीवाल्याने काही न विचारता स्वतःचे स्टूल पुढे सरकवले, चप्पल हातात घेतली, दूध बांधून आलेल्या पिशवीची सुतळी काढली आणि अंगठा असा आवळला की ती चप्पल संध्याकाळपर्यंत टिकली. त्याच्या कपाळावर गंध होते. चहा घेताना त्याने विचारले, ‘यात्रेला का?’

‘बाळ येशूला,’ सासूबाई म्हणाल्या.

त्याने गल्ल्यातून दहाची नोट काढली. ती इतकी मऊ झाली होती की कापडाची वाटावी. ‘माझी बी एक मेणबत्ती लावा. पोरीचं काम आहे.’ नोट सासूबाईंना देण्यासाठी त्याने हात पुढे केला, पण त्यांच्या हातात कप होता, म्हणून ती माझ्या हातात आली. मी ‘हो’ म्हणालो. कोणते काम, पोरीचे नाव काय, हे त्याने सांगितले नाही आणि मला विचारायचे सुचले नाही. चहाचे पैसे मात्र त्याने मोजून घेतले, आणि ते मला फार बरे वाटले.

उरलेली वाट ती नोट मला खिशात जाणवत राहिली. मेणबत्ती लावणे आमच्या घरात कधी झाले नाही. माझ्या वतीने प्रार्थना करायला मधे कोणी लागत नाही, हे मी शिकलो. आता मीच कोणाच्या तरी मधला माणूस झालो होतो.

उपनगर मागे पडल्यावर गर्दी सुरू झाली. नेहरूनगरच्या पट्ट्यात पुणे रस्त्याच्या कडेने बसेस लागल्या होत्या. वसईच्या, मुंबईच्या, मराठवाड्यातल्या. फुलांच्या, मेणबत्त्यांच्या, जपमाळांच्या आणि अर्थातच भेळेच्या गाड्या होत्या. रांगेत आमच्या पुढे साडीचा पदर डोक्यावर घेतलेल्या चार बायका होत्या, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. त्यांच्या लेखी बाळ येशू म्हणजे बाळकृष्णाच्या शेजारघरचा. गर्दीबद्दल माझे एकच गाऱ्हाणे आहे: जो माणूस दोन तास रांगेत तिष्ठतो तो पुढे पोचल्यावर मूर्तीकडे न बघता फोनच्या काचेकडे का बघतो, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

ध्वनिक्षेपकावरून मिस्साच्या गाण्यांच्या मधे मधे सूचना येत होत्या. निळा शर्ट, सहा वर्षे, नाव सांगता येत नाही, आईवडिलांनी मांडवाजवळ यावे. थोड्या वेळाने दुसरे मूल. मग तिसरे. तेव्हा एकदम आठवले की जन्मकथा संपल्यानंतर शुभवर्तमानांत येशूच्या बालपणाची जी एकुलती एक गोष्ट आहे ती हीच आहे. लूक सांगतो की बारा वर्षांचा येशू वल्हांडणाच्या सणाला आईवडिलांबरोबर नासरेथहून यरुशलेमेला गेला, म्हणजे एका बाजूने शंभर किलोमीटरहून अधिक वाट, आणि परतताना तो सोबतच्या लोकांत असेल असे समजून मरिया आणि योसेफ एक दिवसाची मजल चालून गेले. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. बाळ येशूच्या यात्रेत मुले हरवावीत आणि त्यांच्या आया रडवेल्या चेहऱ्याने मांडवाकडे धावाव्यात, यापेक्षा शास्त्राला धरून दुसरे काय असणार!

मूर्तीचे रूप प्राग शहरातल्या मूर्तीवरून आलेले आहे: डोक्यावर मुकुट, अंगात झगा, डाव्या हातात पृथ्वीचा गोल, उजवा हात आशीर्वादासाठी वर. प्रागची मूळ मूर्ती लाकडावर मेण चढवलेली, उंचीने हातभरच. पोलिक्सेना नावाच्या सरदार घराण्यातल्या बाईने १६२८ मध्ये ती तिथल्या कार्मेल संघाच्या मठाला दिली. १६३१ मध्ये सॅक्सन फौजा शहरात शिरल्या, मठ लुटला गेला, मूर्ती वेदीमागच्या अडगळीत फेकली गेली. काही वर्षांनी सिरिल नावाच्या संन्याशाला ती सापडली तेव्हा तिचे दोन्ही हात तुटलेले होते. हे मी सासूबाईंना रांगेत सांगितले. त्या मूर्तीच्या हातांकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या आणि मागच्या बाईने त्यांना ढकलले.

त्यांचा नवस फेडून झाला, त्या रडल्या, प्रसन्न झाल्या, आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. मी पैसे देण्यासाठी खिशात हात घातला आणि ती मऊ नोट हाताला लागली.

‘आई, त्याची मेणबत्ती राहिली.’

‘मग जावा की परत.’

‘बाहेरून कोणाकडे दिली तर?’

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा मेणबत्तीच्या गाडीवर गेलो. सर्वांत लहान मेणबत्ती वीस रुपयांना. माझे दहा घातले तर ती अर्धी माझी होणार, आणि मला काहीही मागायचे नव्हते. मी गाडीवाल्याला दहाची आहे का विचारले. त्याने मागच्या खोक्यातून मोडलेली एक काढून दिली. ती घेऊन मी पुन्हा मेणबत्त्या लावण्याच्या जागेपर्यंत गेलो. पाऊण तास लागला. ऊन आणि ज्योती मिळून तिथे भट्टी झाली होती, वितळलेल्या मेणाने चपला चिकटत होत्या. मोडलेली मेणबत्ती उभी राहीना. शेजारच्या एका पोराने स्वतःच्या मेणबत्तीचे मेण ओतून ती टेकवून दिली. काय म्हणावे ते मला सुचेना. ‘टपरीवाल्याच्या पोरीचं काम’ एवढेच म्हणालो, मोठ्याने, मराठीत, आणि लाजून निघालो.

परत आम्ही बसने आलो. रविवार झोपेत गेला, सोमवारी सासूबाईंना श्रीरामपूरच्या गाडीत बसवले.

बुधवारी कामासाठी पुणे रस्त्याने जाताना मी टपरीवर थांबलो. मेणबत्ती लावली, असे सांगितले. त्याने मला ओळखलेच नाही. चप्पल, सुतळी, म्हातारी, असे करत करत आठवण दिली तेव्हा तो हसला आणि स्टोव्हला पंप मारू लागला.

‘बरं केलं,’ तो म्हणाला. ‘मी चौघांकडं दिले होते. म्हटलं, एखादा तरी लावंल.’