सात, अकरा, वीस आणि राजगड

सांगलीत एका करसल्लागाराच्या ऑफिसात मी नोकरी करते. आमचे बरेचसे क्लायंट हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ला जीएसटीआर-१ हे जीएसटीचं विवरणपत्र, २०ला ३बी हे दुसरं. सप्टेंबर टॅक्स ऑडिटमध्ये जातो, त्या महिन्यात घरी जेवायला पोचले तरी पुष्कळ. या सगळ्याच्या जोडीला मी एक गेम सर्व्हर, म्हणजे मुलांना ऑनलाइन एकत्र खेळता यावं यासाठीचा संगणक, चालवते आणि त्यावर राजगड उभा करते आहे. ऑफिसातले लोक विचारतात, वेळ कुठून काढतेस? खरं म्हणजे वेळ काढावा लागू नये अशीच सगळी मांडणी मी केली आहे.

खेळ लुआंटीवर चालतो. ठोकळ्यांचं जग बांधायचं हे मुक्त सॉफ्टवेअर पेर्ट्टू अहोला या फिनलंडच्या प्रोग्रामरने २०१०मध्ये मिनेटेस्ट या नावाने सुरू केलं, २०२४मध्ये त्याचं नाव बदललं. मूळ इंजिन सी प्लस प्लसमध्ये आहे, पण खेळाचे नियम लुआ भाषेत लिहिता येतात. आमच्या सर्व्हरवर खेळणारी मुलं म्हणजे माझी भाचरं आणि कॉलनीतली आठ-दहा पोरं. संध्याकाळी सात ते नऊ ही त्यांची वेळ.

सर्व्हर आणि खेळ ही दोन वेगळी कामं आहेत, हे मी सुरुवातीलाच ठरवून टाकलं. सर्व्हर ही बांधिलकी आहे. सात वाजता मुलं आली की तो चालू असलाच पाहिजे, मग माझी २० तारीख असो की काही असो. खेळ, म्हणजे राजगड बांधणं, ही माझी हौस. त्याला तारीख नाही आणि मी ती लावूनही घेत नाही, तारखा मला दिवसभर पुरतात.

त्यामुळे सर्व्हरच्या बाबतीत मी अगदी कडक आहे. ५ ते २० तारखेच्या दरम्यान त्यावर नवं काहीही चढत नाही. नवा मॉड (खेळात भर घालणारा जोडतुकडा) नाही, इंजिनची नवी आवृत्ती नाही. डेबियन या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचे सुरक्षेचे अपडेट तेवढे आपोआप येतात, बाकी सगळं २१ नंतर. खेळाची प्रक्रिया बंद पडलीच तर त्यातला सिस्टीमडी हा देखरेख करणारा प्रोग्राम ती पुन्हा सुरू करतो, मला ऑफिसातून उठावं लागत नाही. आधी घरचा जुना लॅपटॉप वापरायचा विचार होता. पण आमच्या घरच्या कनेक्शनला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नाही, एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, त्यामुळे बाहेरून कुणी थेट जोडू शकत नाही. म्हणून १ जीबी मेमरीचा छोटा व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घेतला. एवढ्या मुलांना तो पुरतो.

बॅकअपबद्दल मात्र मी सवड-बिवड बघत नाही. मुलांनी सुट्टीभर खपून बांधलेली घरं त्यात असतात. ठोकळ्यांचं सगळं जग एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये साठतं. खेळ चालू असताना ती फाइल नुसती कॉपी केली, तर नेमकं लिहिणं चालू असताना ती अर्धवट उचलली जाण्याचा धोका असतो. म्हणून एसक्यूलाइटचा स्वतःचा बॅकअप आदेश वापरायचा, तो चालू फाइलचीही सुसंगत प्रत काढतो. पहाटे चारला ते काम होतं आणि प्रत दुसऱ्या ठिकाणी जाते. महिनाअखेरीला त्यातली एक प्रत मी लॅपटॉपवर उघडते, खेळात शिरते आणि एखाद्या पोराच्या घरात जाऊन पेटी उघडून बघते. आत सामान दिसलं, तर तो बॅकअप खरा. जगाची हद्दसुद्धा सुरुवातीलाच आखून दिली आहे, कारण मुलं जितकं लांब चालत जातील तितकं नवं जग तयार होतं आणि फाइल फुगत राहते.

आता राजगड. हे सगळं ज्याच्यासाठी चाललंय तो.

११ जुलै २०२५ला युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात राजगड होता. तारीख जीएसटीआर-१ची होती, तरी मी ऑफिसातच मैत्रिणीला मिठी मारली. रायगडाच्या आधीची ही महाराजांची राजधानी. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. ठोकळ्यांत बांधायला याहून सुंदर आकार मला तरी माहीत नाही.

डोंगराच्या उंचीचे आकडे मी फुकट मिळणाऱ्या एसआरटीएममधून घेतले. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर अंतराळयानावरच्या रडारने अकरा दिवसांत टिपलेली ही माहिती आहे. साधारण दर ३० मीटरला उंचीचा एक आकडा मिळतो. आमच्या खेळात एक ठोकळा म्हणजे १ मीटर, म्हणजे दोन आकड्यांमधले ठोकळे आपणच भरायचे. सरळ रेषेने भरले तर सह्याद्रीचे कडे उताराची टेकाडं होऊन बसतात, आणि कडा नसलेला राजगड मला बघवेना. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांचा आहे, तो पायरी-पायरीने चढतो. म्हणून नियम लिहिला. शेजारच्या दोन बिंदूंच्या उंचीत ३० मीटरहून जास्त फरक असेल, तर निम्म्या अंतरापर्यंत वरची उंची तशीच ठेवायची आणि तिथून एकदम खाली सोडायची. पहिल्यांदा चालवलं तेव्हा बालेकिल्ल्याला धार आली आणि मी रात्री बारा वाजता खुर्चीतून उठून उभी राहिले.

पण “आत्या, नेढं कधी होणार?” हा भाचीचा प्रश्न त्याने सुटत नाही. सुवेळा माचीवरचं नेढं म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. उंचीच्या नकाशात एका जागेला एकच उंची असते, खाली पोकळी आहे हे त्याला सांगताच येत नाही. त्यामुळे नेढं, पद्मावतीचं तळं, चोर दरवाजा ही सगळी हाताने करायची कामं. अशी कामं मी लहान तुकड्यांत तोडते, एका बैठकीत संपेल एवढी, आणि उठताना वहीत पुढची एकच ओळ लिहून ठेवते. पंधरा दिवसांनी वही उघडली की त्या ओळीपासून हात चालू होतो. नेढं असंच, तुकड्या-तुकड्याने पुरं झालं. भाची आता त्यात बसून बाकीच्यांना हाका मारते.

सध्या वहीत संजीवनीची दुहेरी तटबंदी आहे. दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या वाटेला एका ठोकळ्याची रुंदी पुरते, कारण खेळातलं पात्र त्याहून सडपातळ असतं. अडचण पायऱ्यांची होती. पूर्ण ठोकळ्याची पायरी उडी मारल्याशिवाय चढता येत नाही, आणि धाकट्यांना उडीचं बटण दाबता दाबता दिशा सांभाळणं जड जातं. अर्ध्या ठोकळ्याची पायरी मात्र पात्र चालता चालताच चढतं. तेव्हा सगळ्या पायऱ्या अर्ध्याच ठेवते आहे, जिना दुप्पट लांबला तरी चालेल. २१ला ते सर्व्हरवर चढवलं की आधी कॉलनीतल्या सगळ्यात धाकट्याला चालवून बघायला सांगणार आहे.