चंद्रावरची लगोरी

मुलांसाठीच्या कवितेत अवकाशयान हल्ली सर्रास येते, परंतु बहुतेक वेळा ते परीच्या पंखांची जागा घेण्यापुरतेच असते. त्याला इंधन लागत नाही, ते वाट चुकत नाही आणि चंद्रावर उतरल्यावरही कवितेत काहीच बदलत नाही. विज्ञानकथांवर वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला हे खटकते. १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवलेली कथा कृष्णविवराची होती. अशा कथांची गोडी मला यंत्रांमुळे कधीच लागली नाही. निसर्गाचा नियम जिथे आपल्या सवयीपेक्षा वेगळा जाणवतो तिथे माणसाला नेऊन सोडायचे आणि पुढचे सारे त्या नियमालाच घडवू द्यायचे, यात खरी गंमत आहे. बालकवितेला हेच मानवते, कारण नियमांच्या बाबतीत मुले मोठ्यांपेक्षा कडक असतात.

सुटीत देवगडला जमणाऱ्या भाचरांसाठी मी लगोरीवर चार ओळी रचल्या; सोळा मात्रांची ओळ टाळीवर सहज बसते.

चंद्रावरती डाव मांडला,
चेंडू माझा वरती गेला;
वाट पाहता भूक लागली,
सावकाश तो खाली आला!

शेवटी ‘अजून नाही खाली आला’ असे म्हणण्याचा मोह होता, पण तो आवरला. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश असल्यामुळे तितक्याच जोराने वर फेकलेला चेंडू सहापट उंच जातो आणि परतायला सहापट वेळ घेतो. इथे २ सेकंदांत हातात येणारा चेंडू तिथे १२ सेकंदांनी येईल, पण येईल. तेवढ्यात भूक लागणे ही अतिशयोक्ती झाली आणि तिला मुले खळखळून हसतात. चेंडू परतलाच नाही, ही मात्र थाप ठरली असती.

किनाऱ्यावरच्या मुलांना तर चंद्राची ओळख पुस्तकाआधीच उधाण-भांगातून, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीतून, झालेली असते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे मासेमारी करणाऱ्या घरातल्या पोराला कुणी शिकवावे लागत नाही. आमचा चंद्र डोंगरामागून उगवतो आणि समुद्रात बुडतो. मंगळाचा चंद्र फोबोस मात्र ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे मंगळ स्वतःभोवती फिरतो त्यापेक्षा कितीतरी वेगाने, आणि म्हणून तो पश्चिमेला उगवतो. समुद्रातून वर येणाऱ्या या उलट्या चांदोमामावर सध्या माझी कविता चालू आहे. मंगळावर आज समुद्र नाही, तेवढी सवलत मी घेतली आहे. अडले आहे ते यमकापाशी: फोबोसला मी हापूस जोडला आहे, मात्रा दोन्हीकडे पाचच भरतात, मधला स्वर तेवढा जुळत नाही, पण निदान देवगडात तरी त्यावर कुणी हरकत घेईल असे वाटत नाही.